काना-मात्रेसकट खरा मेसेज

३ जून
आजपासून खोट्या मेसेजांविरुद्ध मोहीम. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात गेली. मला कोण फसवणार? फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, काहीही पुढे पाठवण्याआधी मला दाखवा. बायकोने अंगठा पाठवला. शेजारच्या खोलीतून.

५ जून
डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं उद्यापासून नक्की.

६ जून, सकाळ
गेलो नाही. बरंच झालं! मेव्हण्याचा मेसेज : सकाळी चालल्याने हृदय झिजतं. मला वाटतच होतं. एरवी चौकशी केली असती, पण इतकी पटणारी गोष्ट खोटी कशी असेल? फक्त 'ह्रुदय' लिहिलं होतं. सुधारलं. सुरुवात फारच उघडीबोडकी वाटली म्हणून 'तज्ज्ञांच्या मते' घातलं. दादाला पाठवलं. ऑपरेशन झाल्यापासून बिचारा रोज बागेत फेऱ्या मारतो. बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना एक फोन करा. एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास?

११ जून
तोच मेसेज छापखान्याच्या ग्रुपवर! भलत्याच माणसाकडून. 'तज्ज्ञांच्या मते'सकट. एकही चूक नाही. म्हणजे दुसरीकडूनही खात्री झाली. बायको म्हणते, हा तुमचाच फिरून आलाय. शक्य नाही. लिहिणारा माझ्यापेक्षाही जाणकार वाटतो.

२० जून
दादा हॉस्पिटलमध्ये. चालणं सोडलं, वजन वाढलं, आज जिना चढताना दम लागून खालीच बसला. डॉक्टरांनी विचारलं, चालणं कुणी बंद केलं? दादाने फोन पुढे केला. म्हणाला, धाकट्याने पाठवलंय, तो तपासल्याशिवाय काना-मात्रासुद्धा पुढे जाऊ देत नाही. किती अभिमानाने म्हणाला! डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी भिंतीवरची पाटी वाचू लागलो. 'शांतता' चुकीचं लिहिलं होतं. चूक तशीच राहू दिली.

२१ जून
ग्रुपवर कबूल केलं : मेसेज खोटा, न विचारता मीच पाठवला, चालणं सोडू नका. मग एकेकाला फोन. मेव्हणा म्हणाला, मी गंमत म्हणून पाठवला होता रे, तू पुढे पाठवलास म्हटल्यावर मीही चालणं सोडलं.

२९ जून
दादा घरी आला. धोका टळला. डॉक्टरांना स्वतः भेटलो, विचारून घेतलं, मगच दादाला लिहिलं : उद्यापासून सपाट रस्त्यावर हळूहळू चालायला हरकत नाही. अक्षरन् अक्षर खरं. उत्तर येईना म्हणून फोन केला. वहिनीने उचलला. म्हणाली, ते दुसऱ्या फोनवर डॉक्टरांना विचारतायत. मी म्हटलं, छान, प्रत्येक मेसेज असाच तपासायला हवा. वहिनी म्हणाली, प्रत्येक नाही हो भावजी, फक्त तुमचे.