पार्सलातला लेप आणि फोन

नागपूर,
२८ जून २०२५

चि. सुखदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सर्व ठीक आहे. फोनवर लग्नाचा विषय काढला की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून पोस्टाचा आधार घेतला. पत्राला मीटिंग लागत नाही.

आपले शेजारी जयसिंगराव यांची मावसबहीण सकवारबाई तुमच्या बंगळूरलाच, मल्लेश्वरमला असते. घराणे आपल्यातलेच, पण कित्येक पिढ्या तिकडे मुरलेले. मुलगा गिरीराज कॉलेजात गणित शिकवतो. तू नव्या फोनवर काढलेला फोटो मी त्यांना पाठवला आणि तो त्यांना आवडला. वाहनांच्या गर्दीतून तुझ्या मारतहळ्ळीहून मल्लेश्वरमला जाण्यापेक्षा नागपूरला विमानाने लवकर पोचता येते, असे जयसिंगराव म्हणतात. म्हणून पहिली भेट व्हिडिओवर ठरवली आहे. रविवार, २० जुलै, सकाळी अकरा. त्या वेळेत मीटिंग ठेवू नकोस.

दिवाळीत तुला धाडलेला फोन अखेर सत्कारणी लागला म्हणायचा. बाबा, फोन शोधताय की जावई, म्हणून तेव्हा हसली होतीस. अगं, पण अँड्रॉइड फोन निवडणे काही सोपे काम नाही. एकाची बॅटरी दोन दिवस चालते, तर वजन खलबत्त्याएवढे. एक दिसायला देखणा, पण पाच मिनिटे बोलले की कान भाजतो. एक सगळ्या बाबतीत उत्तम निघाला, पण उघडला की आधी जाहिरात दाखवणार, मग तुझा चेहरा. शेवटी मी पुढच्या कॅमेऱ्यावर भर दिला. मला त्यात तुलाच तर बघायचे असते. जुन्या फोनवर तू पिठाच्या चाळणीमागून बोलल्यासारखी दिसायचीस.

आता मुख्य गोष्ट. त्याच पार्सलात वैद्यबुवांचा लेप पाठवला होता, आठवते ना? पार्सल पोचल्यापासून आठवड्याभरात, दिवाळीच्या पाडव्याला तू व्हिडिओवर आलीस, तर ओठाजवळचा कोडाचा डाग दिसेनासा झालेला, पापणीवरचाही गेलेला. मी तोंडाने उच्चार केला नाही, दृष्ट लागायची. पण आता आठ महिने झाले, मी दर रविवारी चष्मा पुसून बघतो. चेहरा लख्ख आहे. तेव्हा या वेळी आधी सांगून टाकण्याचा प्रश्नच उरला नाही. याआधी चार ठिकाणी प्रामाणिकपणे सांगितले आणि चारही ठिकाणी अचानक पत्रिका जुळेनाशी झाली. वैद्यबुवांकडे मी आणखी तिघांना पाठवले आहे.

लोभ आहेच. त्याला मेगापिक्सेल लागत नाहीत.

तुझा,
बाबा

•

मारतहळ्ळी, बंगळूर,
४ जुलै २०२५

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र ऑफिसात वाचले आणि खरोखरच मीटिंग सोडून बाहेर आले. बाबा, डाग गेलेला नाही. दोन्ही आहेत तिथेच आहेत, आज सकाळी आरशात भेटले. वैद्यबुवांचा लेप मी चार दिवस लावला, उशीचा अभ्रा हिरवा झाला, म्हणून सोडून दिला. डाग तुमच्या फोनने घालवला आहे. पुढचा कॅमेरा चेहरा आपण होऊन गुळगुळीत करतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ते कौतुकाने छापलेले होते, पण तुम्ही बॅटरीचा रकाना वाचत असाल. तुम्ही दर रविवारी चेहरा छान दिसतोय म्हणायचात, तेव्हा मला वाटायचे, बाप असे म्हणतातच.

मी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केले. तरी चेहरा गुळगुळीतच. बंद म्हणजे थोडे कमी, असा त्याचा अर्थ निघाला. मग म्हटले, वीस तारखेआधी दुसरा फोन बघू. काल संध्याकाळी इंदिरानगरच्या एका मोठ्या दुकानात गेले. रम्या नावाची विक्रेती होती, फार गोड मुलगी. तिने पहिला फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि डाग पूर्ण गेल्याचे मोठ्या आनंदाने दाखवले. मी तिला सांगितले की मला डाग राहणारा फोन हवा आहे. तिला वाटले माझी हिंदी कच्ची आहे. तिने दुसरा काढला, त्यात डाग तर गेलाच, शिवाय हनुवटीही निमुळती झाली. तिसऱ्याने मला गोरी केले. चौथ्यात मी जशीच्या तशी दिसले, पण तो चार फोटोंत इतका तापला की तिनेच खाली ठेवला. पाचवा खरे बोलणारा होता, पण त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, असे तिने कानात सांगितले. शेवटी तिने मॅनेजरला बोलावून कन्नडमध्ये माझी तक्रार समजावली. तो म्हणाला की अशी मागणी घेऊन आजवर कुणीच आले नव्हते.

मी फोन न घेताच परत आले. म्हटले, खरा चेहरा दाखवायला नवीन यंत्र कशाला, तुमचे पोस्टकार्ड पुरे. तुम्ही सकवारबाईंना लिहून कळवा. वीस तारखेच्या आत. मला त्या डागांचे काही वाटत नाही. पण फोनने ते पुसले आणि आपण गप्प बसलो, तर मला वाटायला लागेल.

तब्येतीला जपा. रविवारी फोन करीन, पण चष्मा पुसू नका.

तुमची,
सुखदा

•

नागपूर,
९ जुलै २०२५

चि. सुखदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आधी संताप आला. तीन महिने अभ्यास करून घेतलेला फोन खोटे बोलतो, हे मी कसे मान्य करावे? जयसिंगरावांनी माझ्याच शिफारशीवरून तोच फोन घेतला आहे. मी तडक त्यांच्याकडे गेलो आणि त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवले. त्यांच्या नाकावरची चामखीळ तुला माहीतच आहे, गल्लीतली मुले त्यांना तिच्यावरून ओळखतात. फोनात ती नव्हती. जयसिंगराव खूश झाले, मी खाली बसलो.

वैद्यबुवांकडे पाठवलेल्या तिघांना काय तोंड दाखवू ते ठरवायचे आहे. असो.

पण सुखदा, दोन दिवस विचार केला आणि मला वेगळेच वाटू लागले. हे आपण केलेले नाही. आपण पावडर थापली नाही की फोटो रंगवून घेतला नाही. कंपनीने जे झाकले ते आपण झाकले असे होत नाही. वीस तारखेला त्यांना तुला बघू दे, तुझे बोलणे ऐकू दे. तू बोलायला लागलीस की माणूस जागेवरून उठत नाही, हे मला ठाऊक आहे. एकदा ओळख वाढली की आपण सांगूच. मी स्वतः सांगेन. फक्त आधी नको.

तुझ्या बाणेदारपणाचे मला कौतुक आहे. पण तो चार घरांतून परत आला आहे आणि चारही वेळा ते उत्तर उघडून वाचणारा मी होतो. तुझी आई असती तर तिने तरी अर्धे वाचले असते. मला भीती वाटते गं. फोनातल्या त्या लख्ख चेहऱ्याला कुणी नाही म्हणणार नाही, एवढेच माझ्या डोक्यात बसले आहे. सकवारबाईंना मी लिहिणार नाही, आणि तूही लिहू नकोस.

राग धरू नकोस. माया तेवढी कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

•

मल्लेश्वरम, बंगळूर,
१४ जुलै २०२५

रा. रा. पुरुषोत्तमराव यांस सकवारबाईचा सप्रेम नमस्कार.

आमची मराठी स्वल्प इकडच्या वळणाची आहे, सांभाळून घ्यावी. फोन न करता पत्र का, तर तुमच्या मुलीने तसे सांगितले. म्हणाली, बाबांचा फोनवर फार विश्वास आहे, म्हणून पत्रच लिहा.

काल रविवारी दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, घामाघूम. कोण पाहिजे अम्मा, मी विचारले. ती म्हणाली, वीस तारखेला जिला बघणार आहात ती मी. मी म्हटले, आज तेराच तारीख की. चप्पल काढायच्या आधी तिने चेहरा उजेडाकडे केला आणि म्हणाली, आधी नीट बघून घ्या, मग आत बोलवा. मी म्हटले, दारात उभे राहून काय बघायचे, आत ये. दोन बस बदलून आली होती बिचारी.

अण्णा, खरे ते लिहिते. डाग पाहून मनात काही आले नाही असे म्हणणार नाही. माझी नणंद काय बोलेल, हेच आधी आले. मग ती कॉफी प्यायली, चांगली झाली म्हणून पुन्हा मागितली, त्या फोनच्या दुकानातली गंमत सांगत बसली, आणि नणंदेचा विचार राहूनच गेला.

दुसरीही एक गोष्ट सांगते, हसू नका. माझ्या फोनात स्थळांचे सात फोटो आहेत. सगळ्यांची कातडी एकसारखी, हनुवटी एकसारखी, डोळे तेवढेच मोठे. कुठली पुण्याची आणि कुठली धारवाडची, मला एकदाही नीट सांगता आले नाही. तुमची मुलगी म्हणून मी नणंदेला भलतीच दाखवली आणि तिने ती पसंतही केली. शेवटी गिरीराजने फोटोंना नंबर दिले. तुमची पाचवी. काल पहिल्यांदा त्या सातांतून एक माणूस वेगळे झाले. आता मी तिला बाजारात गर्दीतही ओळखीन.

गिरीराज घरीच होता, लुंगीत. धावत जाऊन पँट घालून आला. दोघे गॅलरीत पुष्कळ वेळ बोलले. त्याने मला आत येऊन सांगितले की त्याला पसंत आहे. तुमच्या मुलीला विचारले, तर ती म्हणाली, विचार करून सांगते. सरी, हरकत नाही, म्हटले. आता आम्ही उत्तराची वाट बघत बसलो आहोत. मुलाकडच्यांना याची सवय नसते, पण होईल.

ते वीस तारखेचे व्हिडिओ रद्द करावे. बघायचेच तर तुम्ही या, म्हणजे आम्ही तुम्हालाही बघू.

आपुलकी ठेवावी.

सकवारबाई

•

नागपूर,
१८ जुलै २०२५

चि. सुखदा हिस अनेक आशीर्वाद.

सकवारबाईंचे पत्र पोचले. मी नको म्हटलेले असताना गेलीस, म्हणून चांगले खडसावायचे ठरवून कागद घेतला होता. पण त्यांचे पत्र दोनदा वाचल्यावर राग कुठे ठेवला ते सापडेना. विचार करून सांगते म्हणालीस, हे वाचून कपाळाला हात लावला. मग ती ओळ जयसिंगरावांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना ऐकू आली नसेल म्हणून पुन्हा वाचली. तू हवा तेवढा विचार कर. घाई कुणाला आहे?

गुरुवारी २४ तारखेच्या सकाळी मी बंगळूरला पोचतो. मल्लेश्वरमला माझे मी जाईन आणि माझ्या मागच्या पत्रात काय लिहिले होते तेही त्यांना सांगेन. पण आधी तुझ्याकडे येतो. तोवर व्हिडिओ कॉल करू नकोस. केलास तरी मी घेणार नाही.

तुला कारण सांगायला हवे. सकवारबाईंनी लिहिले की त्या तुला आता गर्दीत ओळखतील. ते वाचून मी डोळे मिटून तुझा चेहरा आठवायला बसलो. आठ महिने दर रविवारी पाहिलेला तो गुळगुळीत चेहराच पुढे येत राहिला. पापणीवरचा डाग खटाटोप करून आठवला. ओठाजवळचा उजवीकडे आहे की डावीकडे, ते काही केल्या आठवेना. जुना अल्बम काढायला उठलो होतो, पण तसाच परत बसलो. बापाने हे अल्बममध्ये बघून घ्यायचे नसते.

स्टेशनवर ये. येताना तोंडाला काही लावू नकोस आणि उजेडात उभी राहा.

बाबा