बोअर, घर आणि निवृत्तीला दिलेला नकार

मी, मार्था आश्रुबा साळवे, वय सेहेचाळीस, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती, राहणार कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, महिला दूध संस्थेची सचिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे पुढे म्हणायची रीत आहे. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. आजवरच्या माझ्या सह्यांपैकी कोणती दबावाखाली नव्हती, हे मला सांगता येत नाही. ही मात्र नाही. पुढच्या आठवड्यात नगरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांना आशा आहे, मलाही आहे. तरी मागे गोंधळ राहू नये.

१. वडिलांची जमीन आणि त्यांचा कारखान्याचा शेअर यांवर माझा हक्क नाही. ते वारले त्याच वर्षी धाकटा भाऊ निवृत्ती हक्कसोडपत्र घेऊन आला आणि मी न वाचता सही केली. त्याबद्दल तक्रार नाही. त्याने आधी विचारले असते तर मी काय म्हटले असते, एवढे कुतूहल आहे. त्याने विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही.

२. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व ओसरी, मी माझ्या पगारातून बांधले. ते आणि परसातली बोअर मी महिला दूध संस्थेला देते. ओसरीवर दूध संकलन करावे. संस्थेच्या अध्यक्ष साखराबाई यांनी ताबा घ्यावा.

३. बोअरला अट आहे, आणि तिचे कारण असे. तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आमच्या गल्लीतल्या बाकी बोअर आटल्या, माझी चालू राहिली. जो येईल त्याला मी हो म्हणत गेले. मोटर दिवसभर चाले. शेवटी गाळ ओढून ती जळाली आणि कुणालाच थेंब उरला नाही. साखराबाई म्हशी घेऊन चारा छावणीत गेल्या. जाताना म्हणाल्या, "बाई, तुमी एकाला जरी न्हाई मनलं असतं, तर आज समद्यायला असतं." तेव्हा तो मला टोमणा वाटला. नवी मोटर बसवल्यापासून मी ती सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर चालवते. मधल्या वेळात पाणी झिरपून पुन्हा साठते. यंदाचा दुष्काळ त्याहून वाईट, तरी संस्थेच्या म्हशी गावातच आहेत. हीच वेळ पुढेही पाळावी. टँकर कधीही भरू नये. दारात उभा राहून शिव्या देणाऱ्याचे पाणी तोडू नये, पण त्याच्यासाठी वेळही बदलू नये.

४. शिवणयंत्र आणि माझे शास्त्र, म्हणजे बायबल, भाची सिंधूला. शास्त्राच्या समासात मी पेन्सिलीने प्रश्न लिहिले आहेत, ते खोडू नयेत. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणणे हीच प्रीती, असे मी लहानपणापासून धरून चालले होते. एका रविवारी दहा कुमारींच्या दाखल्यावर, म्हणजे प्रभूंनी सांगितलेल्या बोधकथेवर, उपदेश झाला. वराची वाट पाहताना पाच मूर्ख कुमारींचे दिव्यातले तेल संपते, आणि शहाण्या पाच जणी आपल्यातले द्यायला नाही म्हणतात. नंतर मी आमच्या चर्चचे पाळक सुंदरराव भालेराव यांना विचारले, "त्या पाच जणींनी तेल द्यायला नकार दिला, तरी त्या शहाण्या कशा?"

ते हसले. "मार्थाबाई, लोक मला दिव्यांचं विचारतात. न दिलेल्या तेलाचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीच शोधा आणि मलाही सांगा."

मी शोधू लागले. एका संध्याकाळी सारे गाव आजाऱ्यांना घेऊन प्रभूंच्या दारात जमते. दुसऱ्या दिवशी प्रभू पहाटे उठून एकटे प्रार्थनेला जातात. शिष्य मागे येऊन सांगतात, सगळे तुम्हाला शोधत आहेत. आणि ते परत न जाता दुसऱ्या गावांकडे निघतात. मागे त्या दारात किती आजारी उरले असतील, ते लिहिलेले नाही. मला ते फार जाणून घ्यावेसे वाटते. सिंधूने पुढे शोधावे.

५. मला कड्याच्या दफनभूमीत पुरावे. "मार्थाबाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही," असे त्या वेळी कोणी बोलू नये. बोललेच, तर पाळकांनी त्याला थांबवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

६. निवृत्तीला मी काहीही देत नाही. गेले वर्षभर तो घर आणि बोअर मागतो आहे. "आक्का, दोन टँकर लावतो, तुला बी त्यातलं भेटल." मी दर वेळी "बघू" म्हणत आले. आपण गेल्यावर कागदच काय ते सांगेल, असा माझा विचार होता. पण ज्याला उलटून बोलायची सोय नाही, त्याला दिलेला नकार हा नकार की पळ? वकील म्हणाले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मग निवृत्ती साक्षीदार होऊ शकतो. आज मी त्याला बोलावले आणि इथपर्यंतचे सगळे वाचून दाखवले.

"म्हंजी मला काईच न्हाई?"

"नाही."

"कावून? मी काय परका हाय?"

"परका असतास तर वकिलाकडून कळवलं असतं."

"आन सही न्हाई केली तर?"

"दुसरा साक्षीदार बघेन. नाही म्हणायचा तुलाही हक्क आहे."

तो ओसरीवर जाऊन बसला. चहा दिला तो घेतला नाही. मला "बरं, बोअर तेवढी घे" असे म्हणावेसे वाटले. प्रार्थना केली, तीही नीट जमली नाही. पण उठून बाहेर गेले नाही. बऱ्याच वेळाने तोच आत आला.

"नगरला तुज्यासंगं कोन हाय?"

"अजून ठरलं नाही."

"मी येतो. पर ह्ये मला मान्य न्हाई, सांगून ठिवतो."

मी म्हटले, साक्षीदाराने माझी सही होताना पाहायची असते, मजकूर मान्य असावा लागत नाही. हवे तर तसे लिही.

ठिकाण: कडा
दिनांक: १८ एप्रिल २०१६

सही: मार्था आश्रुबा साळवे

साक्षीदार:

१. राधाकिशन म्हाळू ढोबळे, शेजारी, शिक्षक. सही माझ्यासमोर झाली.

२. निवृत्ती आश्रुबा साळवे, सख्खा भाऊ. आक्काने माझ्यासमोर सही केली. मजकूर मान्य नाही.