‘ठळक’चं कलम चार

३ जून, मंगळवार. सकाळी ७.१०
एक्स्टेन्शन पूर्ण. नाव ‘ठळक’. ब्राउझरमध्ये टाकलं की कुठल्याही पानावरची अक्षरं मोठी होतात आणि जाहिराती गायब. ताईसाठी केलं. तिच्या वाचनालयात येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे, स्क्रीनला नाक लावून वाचतात. वीस तारखेला तिथे सहा नवे कॉम्प्युटर सुरू होणार. त्यांच्यावर ‘ठळक’ असेल. ताईने समितीला तसा शब्द दिलाय, माझ्या भरवशावर.

सगळं स्वतः केलं. अक्षरं मोठी करणारा भाग नेटवर कुणीतरी ठेवला होता, तो घेतला, पण बटण माझं. निळा रंगही माझा. घेतलेल्या फाइलच्या डोक्यावर कुणाचं तरी लांबलचक पुराण होतं, ते उडवलं. कोड कसा स्वच्छ दिसला पाहिजे.

४ जून, बुधवार
ताईचा फोन. समितीचा नियम आहे, लायसन्स नसलेलं काहीही कॉम्प्युटरवर टाकायचं नाही. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, असेल तर उत्तम, पण तसं लिहिलेलं हवं. दहा मिनिटांचं काम आहे ना, असं तिने विचारलं. म्हटलं, पाच. उद्या करतो.

६ जून, शुक्रवार
काल वेळ झाला नाही. आज तयार मिळणाऱ्या लायसन्सचा अभ्यास.
एमआयटी: कुणीही घ्या, काहीही करा, फक्त लेखकाचं नाव ठेवा. म्हणजे एखादी बडी कंपनी माझं बटण उचलणार आणि मी टाळ्या वाजवत बसणार. बाद.
जीपीएल: घ्या, बदला, पण बदलून पुढे द्याल तर तेही असंच मोकळं द्या. तत्त्व चांगलं. पण फार लांब. तिसऱ्या परिच्छेदात डोळा लागला.
अपाची: यात पेटंटची भानगड आहे. निळ्या बटणाचं पेटंट मिळतं का, बघायला हवं.

७ जून, शनिवार
तुलनेचा तक्ता केला. चौदा रकाने, प्रत्येकाला वेगळा रंग. दिवस कामी आला. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तक्ता बघून म्हणाली, औषध बनवायला लागला नाही तेवढा वेळ तुला लेबल चिकटवायला लागतोय. तिला ओपन सोर्समधलं काय कळणार. गाढवाला गुळाची चव काय. हे तिला सांगितलं नाही.

९ जून, सोमवार
ऑफिसमधल्या टेस्टरने विचारलं, किती लोक वापरतात. म्हटलं, सध्या दोन. मी आणि ताई. नंतर आठवलं, ताईकडे बटण दाबलं की पान अडकतं. म्हणजे एक. पण बग काय, कधीही काढता येतो. आधी कायदेशीर पाया.

११ जून, बुधवार
खालच्या मजल्यावरचे वकील लिफ्टमध्ये सापडले. त्यांना पाचव्या मजल्यापर्यंत नेलं. म्हणाले, मी फक्त घटस्फोट बघतो. तरी विचारलं, कुणी माझा कोड चोरला तर? म्हणाले, आधी चोरावासा वाटेल असा तर करा. त्यांची वकिली चालत नसणार.

१४ जून, शनिवार
निर्णय झाला. जगातलं एकही लायसन्स माझ्या गरजेला पुरेसं नाही. स्वतःचं लिहिलं. ‘ठळक सार्वजनिक परवाना, आवृत्ती १.०’. अकरा कलमं. त्यातलं चौथं जबरदस्त: ‘मूळ लेखकाचं नाव जो कोणी काढून टाकील, त्याचा हे सॉफ्टवेअर वापरण्याचा, दाखवण्याचा व त्याबद्दल बढाई मारण्याचा हक्क कायमचा संपुष्टात येईल.’

बायकोला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, बढाईचं तेवढं आपल्या घरीही लागू कर.

१६ जून, सोमवार
ताईचा फोन. समितीच्या चिटणीसांनी असलं लायसन्स कधी ऐकलेलं नाही. नेहमीचं एखादं टाका म्हणतात. एक आजोबा रोज भिंग घेऊन शब्दकोडं सोडवायला येतात आणि ते मोठ्या अक्षरांचं कधी येणार म्हणून विचारतात. ताई हे सगळं अगदी शांतपणे बोलली. लहानपणापासून ताई शांत बोलली की समजावं, ती भयंकर रागावली आहे. शेवटी म्हणाली, राहू दे, मी बघते.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून बारावं कलम घातलं: ज्येष्ठ नागरिकांना प्राधान्य.

१७ जून, मंगळवार
‘ठळक’ परवान्यासकट नेटवर टाकलं. आता जगच सांगेल चिटणीसांना.

१८ जून, बुधवार. सकाळी ८.००
प्रतिसाद आला. पहिल्याच दिवशी. चहा झाल्यावर निवांत वाचतो.

८.२५
परक्या माणसाची मेल. कोड ओळखीचा वाटला म्हणतो. फाइलच्या डोक्यावर त्याचं नाव आणि जीपीएलची सूचना होती, ती दिसत नाही. जीपीएलमधलं घेतलं की पुढे जीपीएलच द्यावं लागतं, निवडीचा प्रश्नच येत नाही. कलम चार मात्र फार आवडलं, पूर्ण सहमत आहे, असं म्हणतो.

चहा गार झाला.

८.५०
सहा तारखेचं पान उघडून पाहिलं. जीपीएलपुढे स्वच्छ लिहिलंय, ‘तत्त्व चांगलं’. म्हणजे माझा कल पहिल्यापासून तिकडेच होता.

१९ जून, गुरुवार
त्याचं नाव परत लावलं. बारा कलमं काढली. जीपीएलची फाइल टाकली. चार मिनिटं लागली. ताईला कळवलं, ‘लायसन्स तयार’. तिने वाचलं. उत्तर नाही. कामात असेल.

२० जून, शुक्रवार
वाचनालयात गेलो. सहाही स्क्रीनवर ही मोठी अक्षरं. ऊर भरून आला. मग बटण दिसलं. हिरवं होतं. दाबून पाहिलं, पान अडकलं नाही.

ताईने सांगितलं, सोमवारीच शोधलं. पहिलंच मिळालं ते घेतलं. नाव पाहिलं, तर मेलवाल्या माणसाचं. लायसन्स लावलेलं होतं, चिटणीसांनी लगेच हो म्हटलं. अगदी तुझ्यासारखंच आहे रे, म्हणाली, फक्त चालतं.

आजोबांनी भिंग खिशात ठेवलं होतं. शब्दकोडं अर्धं झालेलं. ताईने माझी ओळख करून दिली, हा माझा धाकटा भाऊ. आजोबांनी विचारलं, तुम्हीही यातलंच काही करता का? म्हटलं, नाही.

घरी हे सांगितल्यावर बायकोला आश्चर्य वाटलं. एवढी संधी आली आणि गप्प बसलास? म्हटलं, कलम चार. ती बराच वेळ हसली.

पण नोंद असावी: माझं लायसन्स आजवर एकाच माणसाने पाळलं, आणि ते काटेकोर पाळलं.