लाल रेषेपर्यंत पाणी

३ मार्च, सोमवार

बारा टक्के! माझं सूत्र बारा टक्के चुकतं म्हणे!

पणबाई आज आलेख घेऊन आली. माझ्या हाताखाली पीएचडी करणारी ही शेवटची विद्यार्थिनी. प्रत्येक वाक्य ‘पण मॅडम’ने सुरू करते, म्हणून मनातल्या मनात हे नाव. उकळतं पाणी तापलेल्या धातूला किती झपाट्याने थंड करतं, त्याचं माझं सूत्र बावीस वर्षं जुनं. त्यावर किती कारखाने चालतात! एप्रिलमध्ये ते अभियंत्यांच्या हँडबुकच्या नव्या आवृत्तीत जायचंय, माझ्या नावानिशी. आणि ही म्हणते, जास्त उष्णतेला ते जुळतं, पण कमी उष्णतेला सूत्रापेक्षा बारा टक्के कमी थंडावा मिळतो.

नाचता येईना, अंगण वाकडं. सेन्सर सैल बसला असणार.

५ मार्च, बुधवार

सेन्सर मी स्वतः काढून पुन्हा बसवला. “पाणी आधी उकळून घेतलंस?” हा माझा पहिला नियम. पाण्यात हवा विरघळलेली असते. ती आधी घालवली नाही तर बुडबुडे लवकर सुटतात आणि थंडावा फुकटचा जास्त दिसतो.

“दोन तास सांगितलेत, मी अडीच तास उकळलं, मॅडम.”

पोरगी चोख आहे, ते मान्य.

६ मार्च, गुरुवार

बारा.

११ मार्च, मंगळवार

आज सगळा प्रयोग माझ्या हाताने केला. पोरीला खुर्चीवर बसवून ठेवलं. साडेअकरा! माझ्या हातून!

तरी म्हटलं, कमी उष्णतेचा भाग प्रबंधातून काढून टाक. परीक्षक हँडबुकावर विश्वास ठेवतील, तुझ्यावर नाही. तिची मुदत एकतीस तारखेला संपते.

“पण मॅडम, तो भाग काढला तर प्रबंधात उरतं काय?”

काही उरत नाही, हे मलाही कळतं. चार वर्षांचं काम आहे तिचं. जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दोघींतली एक चुकतेय. तुझ्याकडे पाहिलंस का?” मी म्हटलं, भाजी वाढ.

१७ मार्च, सोमवार

आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मिस्त्रींकडे जाऊन आले. माझे सगळे जुने प्रयोग त्यांनीच लावून दिले होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण स्मरणशक्ती खणखणीत. त्यांची बायको म्हणाली, आमचे हे अजून नळ दुरुस्त करताना तुमचंच नाव घेतात.

मी विचारलं, दिवसभर प्रयोग चालायचा, पाणी आटत नव्हतं?

“आटायचं की! आटलं की मी मगभर ओतायचो. तुम्हाला पातळी लाल रेषेवर लागायची ना, बाई. एकदाही खाली जाऊ दिली नाही!”

“ओतायचात ते उकळलेलं?”

“मधेच उकळलेलं कुठून आणणार? ताजंच.”

भांड्यावरची ती लाल रेषा मीच आखली होती. पातळी ढळली की मीच ओरडायचे. मिस्त्री केवढ्या अभिमानाने सांगत होते! चहा छान होता म्हटलं आणि निघाले.

१८ मार्च, मंगळवार

आज एकटीने प्रयोग लावला आणि मधे मगभर ताजं पाणी ओतलं. बावीस वर्षांपूर्वीचे आकडे जसेच्या तसे समोर आले! खरं सांगते, आधी हसूच फुटलं. मग लाज वाटली, फार वाटली. पण कोडं सुटल्याचा आनंदही तेवढाच. माझी चूक मीच पकडली. अजून डोकं चालतंय म्हणायचं!

२० मार्च, गुरुवार

हँडबुकच्या संपादकांना पत्र पाठवलं: सूत्राचा कमी उष्णतेचा भाग मागे घेत आहे, प्रयोगातली चूक मला सापडली आहे. त्या भागासाठी माझ्या विद्यार्थिनीचे आकडे छापावेत. प्रबंधातलं एक अक्षरही काढायचं नाही. नवरा म्हणाला, “मोठ्या मनाची आहेस.” आहेच मुळी! उद्या पोरीला सांगेन, उड्या मारेल.

२१ मार्च, शुक्रवार

उड्या मारल्या नाहीत. वही पुढे ठेवली. नऊ फेब्रुवारीला तिने मगभर ताजं पाणी ओतून पाहिलं होतं आणि माझेच जुने आकडे आले होते. माझ्या जुन्या वह्यांत मिस्त्रींच्या अक्षरात रोज ‘पाणी भरले’ अशी नोंद आहे, त्यावरून सुचलं म्हणाली. मग सांगितलं का नाहीस? मान खाली घालून म्हणाली, “भीती वाटली, मॅडम. तुम्ही मला काढून टाकाल असं वाटलं.”

संपादकांना दुसरं पत्र लिहिलं. चूक सापडली ती मला नाही, माझ्या विद्यार्थिनीला.