जागृतीचं बेट

११ फेब्रुवारी २०२५
निकोबारहून फोन. प्रफुल्ल बोलत होता, जागृतीच्या कामातला सोबती. काल कासवांची मोजणी करून परतताना होडी उलटली. होडीत दोघंच – जागृती आणि होडीवाला. दोघंही सापडत नाहीत.
कमलला कसं सांगितलं, आठवत नाही.

१२ फेब्रुवारी
मोबाइलवर नकाशा उघडला. कितीही मोठा केला तरी ते बेट ठिपक्याएवढंच. रेल्वेत पस्तीस वर्षं काढली, उधना ते भुसावळ सगळी स्टेशनं तोंडपाठ. पोरगी कुठे राहते ते आज पाहिलं.
बँकेतली नोकरी सोडून गेली म्हणून आठ महिने बोललो नाही. दारात म्हणालो होतो, "कासवं मोजून पोट भरतं का? जा. परत तोंड दाखवू नको."
तेच शेवटचं.

१३ फेब्रुवारी
जागृती आईला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायची. कमलने आज ते मला लावून दिले.
बेट म्हणे चार तासांत चालून संपतं. मधे जंगल, एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला कुणीच नाही. लोक केवड्यासारख्या झाडाचं फळ शिजवून खातात. होडीवाल्याची बायको हिला ताटात वाढून देते. खेकडे नारळावर चढतात. एक पक्षी मातीच्या ढिगात अंडं पुरून निघून जातो. पिल्लू एकटंच उकरून वर येतं. शेवटी हसते – "मम्मी, पप्पांना सांग ना हे."
कमलने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ऐकून न घेता उठून गेलो असतो.

१४ फेब्रुवारी
काही नाही.

१५ फेब्रुवारी
शोध थांबवला. सांगताना प्रफुल्ल रडला.
संध्याकाळी गल्लीतले पोपटभाऊ आले. हळूच म्हणाले, "काशिनाथभाऊ, पुण्यानुमोदनाचं ठरवावं लागेल. डिंडोलीतल्या बुद्धविहारात बोलू का?"
कमल आतून म्हणाली, "भाऊ, चहा घ्या आणि जा."
ते गेल्यावर माझ्याकडे बघून – "तुम्हीच घालवली तिला."
खरं आहे. जेवलो नाही. तिच्या खोलीत जाऊन बसलो, तिथेही बसवेना.

१७ फेब्रुवारी
सकाळी फोन. "पप्पा." आवाज ओळखू आला नाही, इतका बसलेला.
बेटाच्या ओसाड अंगाला वाहून लागली होती. नारळाच्या पाण्यावर राहिली. शोध थांबला, तरी गावकरी थांबले नव्हते. त्यांनीच जंगलातून उचलून आणली. होडीवाला गेला.
"पप्पा, मी लगेच येत नाही. त्याची बायको एकटी आहे."
म्हणालो, "थांब तिच्याजवळ. आम्हीच येतो."