मेथीच्या वाफ्यातली सुई

प्रिय शेखर,

पत्राला उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. माफी उशिराचीच मागतो आहे, रागाची नाही. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे, लावून घे. फोन दोनदा केला होता. एकदा अनुपमाने उचलला, तेव्हा नातीच्या शाळेचं विचारलं आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदा तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे बाबा, नंतर बोलू. तो नंतर काही आला नाही. गावी आलेला हरिओम उद्या पुण्याला परत निघतो आहे, तो हे पत्र तुझ्या हातातच देईल. एकटा असशील तेव्हा वाच.

आपल्या मेथीच्या वाफ्यात समताला सुई टोचली. समता म्हणजे नाल्यापलीकडच्या घरची सून, दिवाळीत तुझ्या पोरीला कडेवर घेऊन हिंडायची ती. मेथी उपटताना तिला वाटलं काटा लागला. तिने अंगठा तोंडात धरला आणि पुढची जुडी बांधायला घेतली. मग तुझ्या मायने पाहिलं, तिच्या हातातल्या जुडीच्या मुळ्यांत इंजेक्शनची सुई लोंबत होती, केसासारखी बारीक. आपल्या गावच्या आशा कार्यकर्तीने, राखीने, तिला गाडीवर बसवून बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या. एड्स आणि कावीळ, दोन्हींसाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल म्हणाले. सुई कोणाची ते कळलं आणि त्या माणसाचं रक्त तपासलं, तर पोरीचा घोर लवकर मिटेल, असंही म्हणाले. गोळ्यांनी ती ओकते. सासूने तिचं ताट वेगळं केलं आहे. स्वतःच्या लेकराचा मुका घ्यायला भिते. तरी आपल्याकडे कामाला येते, कारण घरी बसली तर सासू बोलते.

मला इतका राग कधी आला नव्हता. उपकेंद्रातून गेल्या पावसाळ्यापासून घरोघरी जाड प्लास्टिकचे डबे देतात. ज्याच्या घरी सुईचं औषध चालू आहे, त्याने वापरलेली सुई त्यात टाकायची, डबा भरला की झाकण घट्ट लावून बाजाराच्या दिवशी राखीकडे द्यायचा. पुढे तो दवाखान्याच्या गाडीतून जातो. एवढंच काम, आणि तेही लोकांना जड जातं. राखी ग्रामसभेत डबा दाखवत होती तेव्हा मागची माणसं हसत होती, की आता याचं लोणचं घालायचं काय बाई. तरी तिने एकेक घर पालथं घातलं. आपल्या दारातही आली होती. तुझी माय म्हणाली, आमच्याकडे कोणाला साखर नाही माय, दुसऱ्या घरी दे.

मग राग काढायला मला सुधाकर गुरुजी सापडले. त्यांचं घर आपल्या गोठ्याला लागून, आणि त्यांना साखरेचं इंजेक्शन आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. होळीच्या आधी आपण उकिरडा उपसून खत वाफ्यात टाकलं होतं, म्हणजे सुई उकिरड्यातूनच आली. पारावर माणसं बसलेली असताना मी त्यांच्या दारात जाऊन ओरडलो, "काऊन गुरुजी, एवढे शिकले अन् लोकाईच्या उकिरड्यात सुया फेकता?" त्यांच्या बायकोने, शैलजाबाईंनी, आतून त्यांचा सुयांचा डबा आणला आणि ओट्यावर ठेवला. गुरुजी म्हणाले, "मोतीरामभाऊ, हा राग तुमच्याच उकिरड्यावर न्या."

मी नेला. दाताळं घेऊन तळाचं उरलेलं खत ओढत बसलो. तुझी माय म्हणत होती, उन्हात चक्कर येईल, सोडा. दाताळ्याला सोनेरी कागद लागला. तुझ्या कंपनीने दिवाळीला दिलेला मिठाईचा डबा. मायने बांगड्या ठेवायला मागितला होता, तेव्हा फाटला म्हणून फेकला म्हणालास. पुठ्ठा कुजून खताचा झाला होता. त्यात नारिंगी टोपणं, आणि टोपणं निघालेल्या सुया.

दिवाळीत तू रोज सकाळी चहाच्या आधी गोठ्यामागे, उकिरड्याकडे जायचास. रेंज मिळत नाही म्हणायचास. अनारसं तोंडाला लावलं नाहीस, माय दोन दिवस रुसली की पोराला आता आपल्या हातचं गोड लागत नाही. आता तिलाही सगळं सांगितलं आहे.

साखर झाली याचा मला राग नाही, शेखर. माणसाला होते. पण तू आम्हाला सांगितलं नाहीस. बाबा घाबरट आहेत, जीव टांगणीला लावून बसतील, म्हणून या घरात सगळे माझ्यापासून सगळं लपवतात. लावला असता मी जीव टांगणीला. तो माझाच लागला असता ना? आता त्या पोरीचा लागला आहे. एक शब्द बोलला असतास तर मी स्वतः राखीच्या दारात जाऊन डबा आणला असता. तुला गावाची लाज वाटली. आणि उकिरड्याचं खत आपण हाताने पसरतो, भाजी हाताने उपटतो, हे तू याच घरात लहानाचा मोठा होऊन विसरलास कसा?

गुरुजींपुढे हात जोडून आलो. समता रोज विचारते, "मामाजी, सापडला काय कोनी?" मी नाही म्हणून मान हलवतो. हे मला यापुढे जमणार नाही. डॉक्टरांना विचारून आलो आहे, तुझं रक्त पुण्यात तपासलं तरी चालतं. म्हणून हे पत्र. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, एड्सची आणि काविळीची, दोन्ही तपासण्या कर, आणि रिपोर्टचा फोटो राखीच्या मोबाईलवर पाठव. तो घेऊन मी समताच्या घरी जाईन, आणि तिच्या सासूसमोर तुझं नाव घेऊन सांगेन. तुला वाईट वाटेल, वाटू दे. अनुपमाला काय सांगायचं ते तू सांग, पण सांग. रिपोर्ट चांगला आला तर कळव, वाईट आला तर त्याच्या आधी कळव. आणि तुझी साखर किती आहे, पायाला मुंग्या येतात का, नीट दिसतं ना, तेही कळव. मी वाट पाहतो आहे. लवकर कळव रे.

तुझाच बाप,
मोतीराम