तेराऐवजी नऊचा पंखा मिळणेबाबत

तीन पाती, पांढरा रंग, सोबत रेग्युलेटर.
ट्रॅक्टर पाचव्या गिअरात.
आंब्याचे खोड पाण्याखाली अजून उभे आहे.
रंभाबाई हल्ली पाय पोटाशी घेऊन झोपते.
पाचवे माणूस.
(एवढे विषयाच्या एका ओळीत बसले नाही, म्हणून वर लिहिले आहे.)

प्रति,
मा. साहित्य वाटप अधिकारी,
जलाशय मच्छीमार साहाय्य केंद्र,
घोटावडे, ता. मुळशी, जि. पुणे.

विषय : नावेच्या मशीनचा तेराचा पंखा बदलून नऊचा मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या केंद्राचे 'नावेत जादा माणूस बसविलेबाबत' हे पत्र.

महोदय,

१. अर्जदार विश्राम बहिरू वाळंज हा मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर, वाडीत राहतो आणि जाळी टाकून पोट भरतो. त्याच्या नावेच्या मशीनचा पंखा, म्हणजे पाण्यात फिरून नावेला पुढे ढकलतो तो, बुडालेल्या आंब्याच्या खोडावर आपटून तुटला. अर्जदाराने केंद्राकडे पंखा मागितला आणि केंद्राने तो मंजूर केला. घरी आणून खोका उघडला तर पंखा छताला लावायचा निघाला. तो घेऊन अर्जदार परत गेला, तेव्हा केंद्रातील निरंजन साहेब म्हणाले, "काका, अर्जात पंखाच लिहिलंय ना? मग हे काय आहे?" अर्जदाराने पाती पाहिली. तीनच होती. तो खोका उचलून घरी आला.

२. दुसऱ्या अर्जात 'प्रोपेलर' हा शब्द अर्जदाराचा मुलगा किशोर याने घालून दिला. तो मारुंजीत टेम्पो चालवतो. या वेळी निरंजन साहेबांनी टेबलावर दोन पंखे ठेवले, एक नऊचा, एक तेराचा. "तेराचा घ्या काका. आकडा मोठा तेवढा माल भारी." अर्जदारालाही तसेच वाटले. सरकारी टेबलावरून मोठे ते आपल्याला मिळते आहे, म्हणून त्याने हात जोडले. नाव रिकामी असली की ती खरोखरच पळायची. जाळे, बर्फाचा खोका आणि मासळी चढली की मशीन कण्हायचे, धूर ओकायचे आणि नाव जागच्या जागी पाणी घुसळत बसायची. पौडच्या मेकॅनिकने पंखा हातात घेऊन सांगितले की हा आकडा म्हणजे एका फेऱ्यात पंखा, लाकडात स्क्रू शिरावा तसा, किती इंच पुढे जाऊ बघतो ते. "तुमी ट्रॅक्टर पाचव्या गिअरात घालून नांगर वढाय लावलाय. मोकळा पळंल. नांगर लावला की बसंल खाली. वज्याच्या नावंला नऊचाच पायजे."

३. अर्जदाराने हे केंद्रास लेखी कळवले. तपासणीसाठी निरंजन साहेब स्वतः आले. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी जाळे, खोका आणि अर्जदार यांना नावेतून खाली उतरवले, कारण तपासणीच्या वेळी नावेत जादा काही नसावे असा नियम आहे. ते एकटेच बसून एक मोठा वळसा घेऊन आले. "लई भारी पळतीय की," असे ते अर्जदाराच्या बोलीत म्हणाले. 'समाधानकारक' असा शेरा पडला. अर्जदाराने काठावरून पाहिले. नाव पळत होती, हे खरे आहे.

५. मे महिन्यात किशोरची बायको शुभांगी हिला कळा लागल्या. मूल आडवे होते. वाडीचा रस्ता सगळे धरण फिरून जातो, म्हणून रुग्णवाहिकेने अलीकडच्या काठावर थांबते असे कळवले. नावेत अर्जदार, किशोर, शुभांगी आणि अर्जदाराची पत्नी रंभाबाई असे चौघे बसले. जाळे आणि खोका आधीच काढून ठेवला होता. अर्धे पाणी कापण्याआधीच मशीन बसले. बंद पडले नाही, नुसते कण्हत राहिले. पाणी उतरले की मधोमध एक टेकाड उघडे पडते. ते जवळ आल्यावर रंभाबाई म्हणाली, "अवं, माझंच वजन लई हाय. मला हितं सोडा. पोरीला न्या आदी." किशोर म्हणाला, "आये, खुळी का काय तू?" ती बोलता बोलता उतरलीसुद्धा. त्यानंतर नाव पळाली.

६. काठ दिसत असताना मूल आले. नावेत दोघे पुरुष होते. काय करायचे ते दोघांनाही ठाऊक नव्हते. किशोरने अंगातला शर्ट काढून दिला. मूल रडत असेल आणि मशीनमुळे ऐकू येत नसेल असे वाटून अर्जदाराने मशीन बंद केले. तरी ऐकू आले नाही.

शुभांगी वाचली. रंभाबाईची आठवण संध्याकाळी झाली. अर्जदार तिला आणायला गेला तेव्हा ती टेकाडावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने एवढेच विचारले, "पळाली का वो नाव मग?" अर्जदार म्हणाला, "व्हय."

७. आपल्या संदर्भीय पत्रात म्हटले आहे की चौघांच्या नावेत पाच जण बसविल्याने मशीनने नाव ओढली नाही, सबब पंख्यात दोष नाही आणि बदली पंखा देता येत नाही. पाच हा आकडा केंद्राने दवाखान्याच्या कागदावरून घेतला असावा. पाचवे माणूस त्या वेळी बसलेले नव्हते. तरीही केंद्राचा हिशेब पाचाचाच असेल, तर त्यातले जादा कोणते, हे नावानिशी कळवावे. पाचव्याचे नाव ठेवलेले नाही.

तरी विनंती की :

नऊचा पंखा द्यावा. तो अ‍ॅल्युमिनियमचाच असावा, पोलादी नको. खोडावर आपटलाच तर पाते मोडावे, मशीन नाही. 'समाधानकारक' हा शेरा काढून तपासणी भरल्या नावेत पुन्हा घ्यावी. वजनासाठी आपण, निरंजन साहेब आणि केंद्रातील आणखी एक जण यांनी बसावे, मशीनवर अर्जदार राहील. नाव मधोमध अडली तर टेकाडावर कोणी उतरायचे, ते केंद्राने निघण्यापूर्वी ठरवून यावे. नावेत ठरवायला जमत नाही.

केंद्राने छताचा पंखा परत मागितला आहे. तो शुभांगीच्या खोलीत लावला आहे. ती त्याच्याकडे बघत पडून असते. तो सध्या मागू नये.

आपल्या केंद्राचा लाभार्थी,
विश्राम बहिरू वाळंज
दि. १८ जून २०२५

सोबत : आपल्या पत्राची प्रत. तेराचा पंखा, फडक्यात गुंडाळून.

४. रंभाबाई सुईण आहे. वाडीतली बहुतेक मुले तिच्या हातची आहेत.